लक्ष्मीनगर मार्गे अक्षरधाम

आमच्या साताऱ्यात मेट्रो नाही. पुण्यात आहे, पण पुण्याला आम्ही एसटीने जातो, स्वारगेटला उतरतो आणि रिक्षा करून नणंदेचं घर गाठतो. त्यामुळे वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत मी मेट्रोत पाऊल टाकलं नव्हतं. गेल्या ऑक्टोबरात सासूबाईंना घेऊन दिल्लीला गेले आणि चार दिवस फिरले ती बहुतेक मेट्रोनेच. माझ्यासारख्या कुणाला जायचं असेल आणि पोटात गोळा येत असेल, तर निदान कुठे काय होतं ते आधी कळावं म्हणून हे सविस्तर लिहितेय.

सासूबाई ७६ वर्षांच्या. दर १५ ऑगस्टला टीव्हीसमोर बसून लाल किल्ला बघतात. "एकदा प्रत्यक्ष दाखव गं," असं गेली तीन वर्षं चाललं होतं. ह्यांना रजा मिळेना, म्हणून आम्ही दोघीच निघालो. नणंदेची मुलगी म्हणाली, "मामी, टॅक्सीच्या फंदात पडू नकोस. मेट्रोने फिर. माझं पुण्याच्या मेट्रोचं कार्ड घेऊन जा, दिल्लीतही चालतं." ते खरं आहे. नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड असेल तर ते दुसऱ्या शहरातही चालतं. तिने माझ्यासमोर मोबाईलवरून त्यात ३०० रुपये भरले आणि कार्ड माझ्या पर्समध्ये ठेवलं. मी निर्धास्त.

मुक्कामासाठी लाजपत नगरातलं एक साधं हॉटेल घेतलं. खोली कशी आहे यापेक्षा स्टेशन किती जवळ आहे ते बघितलं आणि हा एकच निर्णय मी पहिल्या फटक्यात बरोबर घेतला. लाजपत नगरला गुलाबी आणि जांभळी अशा दोन लाईन मिळतात. गुलाबीने निजामुद्दीन रेल्वे स्टेशन तिसऱ्या थांब्यावर, जांभळीने थेट लाल किल्ला. गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर जितक्या कमी गाड्या बदलाव्या लागतील तितकं बरं.

गोवा एक्सप्रेसने रविवारी, ५ ऑक्टोबरला, सकाळी साडेसहाच्या सुमारास निजामुद्दीनला उतरलो. मेट्रो सराय काले खाँच्या बाजूला आहे. एक बॅग, एक पिशवी आणि सासूबाई असं सगळं सांभाळत तिथवर पोचलो, तर रविवारी गुलाबी लाईन सातला सुरू होते म्हणे. बाहेर रिक्षावाले घिरट्या घालत होतेच. "मेट्रो बंद है माताजी," एकाने अगदी कळवळून सांगितलं. खोटं नव्हतं, फक्त वीस मिनिटांपुरतं खरं होतं. आम्ही बॅगेवर बसून थर्मासमधला उरलेला चहा संपवला.

पहिली परीक्षा सामानाची. मेट्रोत शिरताना विमानतळासारखी तपासणी असते. बॅगा यंत्रातून जातात. बायकांची रांग वेगळी आणि त्यांची झडती पडद्याआड बाई जवानच घेते. आमची पिशवी यंत्रात थांबली. पडद्यावर काहीतरी टोकदार दिसत होतं. मला घाम फुटला. जवान बाईंनी पिशवी उघडायला लावली, तर आतून निघाला सासूबाईंचा अडकित्ता. पितळी, त्यांच्या लग्नातला. बाईंनी तो उलटा-सुलटा करून बघितला, शेजारच्या सहकाऱ्याला दाखवला आणि हसून म्हणाल्या, "अरे, सरौता है." त्यांच्या साहेबांनी येऊन पाहिला, परत दिला आणि उद्यापासून आणू नका असं बजावलं. पुढचे तीन दिवस अडकित्ता खोलीवर आणि कातरलेली सुपारी डबीत. तुमच्याकडे सुरी, कात्री असलं काही असेल तर आधीच काढून ठेवा.

दुसरी परीक्षा कार्डाची, आणि तिच्यात मी नापास झाले. गेटवर कार्ड टेकवलं, लाल दिवा. पुन्हा टेकवलं, पुन्हा लाल. मागच्या मुलाने आपण होऊन सांगितलं, बॅलन्स नाही. अरे, ३०० रुपये भरलेत! पुण्याला फोन लावला. भाची झोपेत होती. आधी म्हणाली, असं कसं, आणि मग एकदम, "अगं मामी, चढवायचं राहिलं!" ॲपवरून भरलेले पैसे खात्यात जमा होतात, पण कार्डातल्या चिपवर आपोआप येत नाहीत. स्टेशनातल्या यंत्राला कार्ड लावून ते चढवावे लागतात. तिला हे माहीत होतं, गडबडीत विसरली. चिपवर होते ९ रुपये. शिवाय कार्ड एक आणि माणसं दोन. एका कार्डावर एकच जण आत जातो, हे तरी माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

खिडकीवर जाऊन दोन तिकिटं काढली, प्रत्येकी ११ रुपये. दिल्लीत प्लॅस्टिकची गोल टोकनं असायची असं ऐकलं होतं, आता कागदाची चिठ्ठी मिळते आणि तिच्यावर क्यूआर असतो. क्यूआरचं चिन्ह असलेलं गेट बघायचं, चिठ्ठी काचेवर धरायची, झडप उघडली की न रेंगाळता पलीकडे. सामान असेल तर रुंद गेट असतं, तिकडे जा. सासूबाईंना मी आधी सोडलं, मग मी. हा क्रम लक्षात ठेवा. उलट केलं आणि त्या बाहेर राहिल्या, तर मला परत येता येणार नव्हतं.

आता दिशा. फलाटावर "पूर्वेकडे" किंवा "दिल्लीकडे" असं काही लिहिलेलं नसतं, शेवटच्या स्टेशनाचं नाव असतं. आम्हाला लाजपत नगरला जायचं होतं, पण बघायचं होतं "मजलिस पार्क". हे एकदा कळलं की निम्मं काम झालं. त्या रात्री मी वहीत तीनही दिवसांचे प्रवास असे लिहून काढले: चढायचं कुठे, गाडीवर नाव कुठलं, उतरायचं कुठे. मोबाईलवरचा नकाशा आहेच, पण गर्दीत एका हाताने सासूबाई आणि दुसऱ्या हाताने खांब धरल्यावर मोबाईल काढायला तिसरा हात कुठून आणायचा?

लाजपत नगरला बाहेर पडताना तिसरी गंमत. सासूबाईंनी तिकिटाची एसटीच्या तिकिटासारखी आठ घड्या घालून गोळी केली होती आणि ती बटव्यात सुपारीखाली ठेवली होती. गेटला ती काही केल्या वाचता येईना. घड्यांच्या रेघा नेमक्या क्यूआरवरून गेल्या होत्या. मागे रांग वाढायला लागली. शेजारीच मदतीची खिडकी असते. तिथल्या माणसाने चिठ्ठी टेबलावर तळव्याने इस्त्री केल्यासारखी सपाट केली, काहीतरी तपासलं आणि आम्हाला बाहेर सोडलं. "घडी मत करना अम्मा." सासूबाईंनी ते फार मनावर घेतलं. तेव्हापासून तिकीट हरिपाठाच्या पुस्तकात, पानांच्या मध्ये.

आंघोळ आणि दोन तास झोप झाल्यावर त्याच दिवशी लाल किल्ला. तो सोमवारी बंद असतो, अक्षरधामही सोमवारी बंद, लोटस टेम्पलही. आमच्यासारखे रविवारी उतरलात तर आधी हे जुळवून घ्या. जांभळ्या लाईनचं लाजपत नगर स्टेशन उंचावर आहे आणि गुलाबीचं जमिनीखाली, त्यामुळे कुठल्या लाईनच्या दाराने शिरायचं ते नीट विचारा. "कश्मीरी गेट" लिहिलेली गाडी घेतली, लाल किल्ला दहावं स्टेशन. हा शेवटचा पट्टा, आयटीओपासून कश्मीरी गेटपर्यंतचा, २०१७ सालचा. दिल्ली गेट, जामा मशीद, लाल किल्ला अशी नावं ओळीने येतात. सासूबाई प्रत्येक नावाला मान डोलावत होत्या, जणू ओळखीची गावं लागतायत.

पहिल्या डब्याचं सांगायला हवं. गाडी ज्या दिशेने जाते त्या दिशेचा पहिला डबा बायकांसाठी राखीव असतो. फलाटावर तिथे गुलाबी खुणा असतात. रविवार दुपार असूनही डबा भरलेला होता, पण आम्ही शिरल्या शिरल्या एक कॉलेजची मुलगी उठली. पुरुष चुकून चढला तर २५० रुपये दंड आहे. आमच्या डब्यात एक गृहस्थ चढलेच, आणि चार-पाच जणींनी नुसतं बघितलं तेवढ्यावर मागच्या डब्यात गेले.

या प्रवासात मी सासूबाईंना सांगितलं की ई. श्रीधरन यांनी आधी कोकण रेल्वे बांधली आणि मग ही मेट्रो. २००२ च्या डिसेंबरात शाहदरा ते तीस हजारी एवढ्या तुकड्यापासून सुरुवात झाली. सासूबाईंचं माहेर संगमेश्वराकडचं. कोकण रेल्वेआधी माहेरी जायचं म्हणजे घाटातून एसटी आणि हातात लिंबू. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मग हीसुद्धा आपलीच म्हणायची." त्यानंतर त्या खांब न धरता बसल्या.

किल्ल्याबद्दल इथे लिहीत नाही, त्यावर पुष्कळ लिहिलेलं आहे. चालणं खूप आहे, एवढंच. परतीला चांदनी चौकातून पिवळी लाईन घेतली आणि सेंट्रल सेक्रेटेरिएटला जांभळीत बदललो. गाडी बदलताना आपल्या रंगाच्या पाट्या धरून चालत राहायचं. मध्येच थांबून विचार करायला लागलात तर मागचे लोक ढकलत नाहीत, पण सुस्कारे सोडतात.

लिफ्टबद्दल एक. लिफ्ट स्टेशनाच्या प्रत्येक दाराला नसते. बाहेरून शिरताना सुरक्षा रक्षकाला "लिफ्ट कौन से गेट पे है" असं विचारलं की नंबर सांगतात. एका स्टेशनात मी न विचारता जवळच्या दाराने गेले आणि सासूबाईंना चाळीसेक पायऱ्या चढायला लावल्या. रात्री खोलीवर त्यांना गुडघ्यांना तेल चोळून दिलं. सरकत्या जिन्याला त्या पहिल्या दिवशी नकोच म्हणत होत्या, साडीचा काठ अडकेल म्हणून. दुसऱ्या दिवशी मी निऱ्या थोड्या वर खोचून दिल्या आणि आधी मी, मागे त्या, हात माझ्या खांद्यावर, असं जमलं.

सोमवारी, ६ तारखेला, कुतुबमिनार. गुलाबीने दोन स्टेशनं, दिल्ली हाट-आयएनए. तिथे पिवळीत बदलून गुरुग्रामकडे जाणारी गाडी. स्टेशनाचं नाव कुतुबमिनार असलं तरी मिनार तिथून दीड-दोन किलोमीटर लांब आहे. बाहेर आल्यावर मी आकाशात बघत उभी राहिले, मिनार कुठे दिसेना. रिक्षावाल्याने ५० रुपये घेतले. मीटरचा विषय मी काढला, त्याने ऐकलाच नाही. येताना वाटेत आयएनएला उतरून दिल्ली हाटमध्ये जेवलो, म्हणजे एका तिकिटाची दोन झाली. मधल्या स्टेशनावर बाहेर पडलं की ते तिकीट संपलं.

त्या दिवशी माझी हौस नडली. संध्याकाळी कनॉट प्लेस बघू म्हणून राजीव चौकाला गेलो आणि साडेसहाला परत निघालो. निळी आणि पिवळी लाईन तिथे एकमेकींवरून जातात आणि अख्खी दिल्ली त्याच वेळी घरी निघालेली असते. दोन गाड्या सोडल्या. तिसरीत बायकांच्या डब्यात शिरलो खरं, पण माझी एक चप्पल अर्धी निघाली आणि ती पायात नीट घालायला दोन स्टेशनं लागली. सुदैवाने आम्हाला दुसऱ्याच स्टेशनाला उतरायचं होतं. सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी पाच ते आठ म्हाताऱ्या माणसांना घेऊन बाहेर पडू नका. राजीव चौक तर नकोच. रात्री कोजागरी होती. हॉटेलच्या गच्चीवर जाऊन आम्ही दूधवाल्याकडून आणलेलं दूध चंद्राला दाखवलं आणि दोघीही तिथेच पेंगलो.

मंगळवारी अक्षरधाम. माझ्या वहीत नोंद पक्की होती: जांभळीने मंडी हाऊस, तिथे निळी, चौथं स्टेशन. सासूबाईंना मोजायचं काम दिलं, कारण घोषणा ऐकताना त्यांचं लक्ष "दरवाज़े बायीं ओर खुलेंगे" या वाक्यावरच असायचं. प्रत्येक वेळी त्या डावी-उजवी बाजू हाताने दाखवायच्या. सुप्रीम कोर्ट, एक बोट. इंद्रप्रस्थ, दोन. यमुना नदी ओलांडली, त्यांनी हात जोडले आणि मग तिसरं बोट मुडपलं, यमुना बँक. चौथ्याला आम्ही उठलो, दार उघडलं, उतरलो. पाटी: लक्ष्मी नगर.

निळी लाईन यमुना बँकेला दुभंगते. एक फाटा नोएडाकडे जातो, त्यावर अक्षरधाम. दुसरा वैशालीकडे, त्यावर लक्ष्मी नगर. मंडी हाऊसहून दोन्ही चौथीच. फलाटावरच्या फळीवर गाडीचं नाव "वैशाली" होतं आणि मी ते वाचलंसुद्धा होतं. पण रंग निळा, दिशा बरोबर, एवढ्यावर चढले. शेवटच्या स्टेशनाचं नाव बघायचं हा नियम मीच वहीत पहिल्या पानावर लिहिला होता आणि तिसऱ्या दिवशी मीच विसरले. सवय झाली की नियम आधी सुटतो तो असा.

मी चिडले, स्वतःवर. सासूबाई म्हणाल्या, "काल कोजागरी झाली, आज लक्ष्मीच्या नगरात आलो. चिडतेस काय?" घाबरण्यासारखं खरंच काही नव्हतं. गेटबाहेर न पडता समोरच्या फलाटावरून उलटी गाडी घेतली, एक स्टेशन मागे यमुना बँकेला आलो आणि नोएडाची गाडी पकडली. वीस मिनिटं गेली, जादा पैसा एकही नाही. तिकीट कुठे चढलात आणि कुठे बाहेर पडलात एवढंच बघतं. मात्र आत गेल्यापासून बाहेर पडेपर्यंत वेळेची मर्यादा असते, म्हणून आतच गप्पा मारत बसू नका. अक्षरधामला मोबाईल, पिशव्या आत नेता येत नाहीत, जमा कराव्या लागतात. तेव्हा परतीचे पैसे आणि प्रवासाची वही कुठे ठेवायची ते आधी ठरवा.

खर्चाचं म्हणाल तर चार दिवसांत माणशी ३०० रुपयांच्या आसपास मेट्रोला गेले. पर्यटकांसाठी कार्ड मिळतं, एका दिवसाचं २०० आणि तीन दिवसांचं ५००, त्यातले ५० कार्ड परत केल्यावर मिळतात. मी पहिल्याच दिवशी खिडकीसमोर उभी राहून हिशेब केला होता. दिल्लीतलं सगळ्यात लांबचं तिकीटच ६४ रुपयांचं. दिवसाचं कार्ड फिटायला तसे लांबचे तीन प्रवास हवेत. दिवसभरात सहा-सात ठिकाणं करणाऱ्या तरुणांना परवडेल. सकाळी एक आणि दुपारी झोप अशा आमच्या कार्यक्रमाला सुटी तिकिटंच बरी. जास्त दिवस राहणार असाल तर साधं स्मार्ट कार्ड घ्या, प्रत्येक प्रवासाला दहा टक्के सूट मिळते आणि खिडकीची रांग वाचते.

बुधवारी, ८ तारखेला, दुपारची परतीची गाडी. अकराच्या सुमारास निघालो, म्हणजे गर्दी ओसरलेली. लाजपत नगरच्या खिडकीवर निजामुद्दीनची दोन तिकिटं मागितली, तर त्याने ४२ रुपये मागितले. मी म्हटलं, रविवारी तर ११ होते. तो काही न बोलता काचेवर चिकटवलेला तक्ता बोटाने दाखवू लागला. ऑगस्टात दर वाढलेत, आणि रविवारी व राष्ट्रीय सुट्टीला कमी दर असतात. दोन ते पाच किलोमीटरला एरवी २१, रविवारी ११. मी गेले तीन दिवस त्या तक्त्यासमोर उभी राहत होते आणि एकदाही वाचला नव्हता.

या वेळी "शिव विहार" लिहिलेली गाडी. नाव दोनदा वाचलं. सासूबाईंनी एकदा, मोठ्याने. तिसऱ्या स्टेशनाला उतरलो, लिफ्टने वर आलो, रुंद गेटापाशी मी बॅग पुढे घेतली. त्यांनी हरिपाठ उघडला, तिकीट काढलं, अगदी सपाट, एक सुरकुती नाही, आणि काचेवर धरलं. लाल दिवा. पुन्हा धरलं. लाल. मागे दोन हमाल आणि एक कुटुंब खोळंबलं. मी तिकीट हातात घेऊन बघितलं तर तारीख रविवारची. चार दिवसांची सगळी तिकिटं त्यांनी हरिपाठात जपून ठेवली होती, एका अभंगाला एक.

"आई, आजचं कुठंय?"

त्या शांतपणे पानं उलटायला लागल्या.